दोनशे चौदा पानं

"ठोक, बाय. हळू ठोक. जोरान मारलंस तर बरा पानपण फुटतला."

जयराम मेस्त्री परांचीवर उकिडवे बसून मला सांगत होते. मी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर एका हाताने बांबू गच्च धरला होता आणि दुसऱ्या हातातली लाकडी हातोडी सिमेंटच्या पानावर मारायचा प्रयत्न करत होते. कमरेला दोर होता. ओढणी मी सकाळीच खाली वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून आले होते. पहिला ठोका इतका हळू पडला की माझा मलाच ऐकू आला नाही.

"पानाक खाज सुटली हा काय?" मेस्त्री म्हणाले.

दुसरा ठोका नीट बसला. टण्. खणखणीत आवाज.

"भरीव," मी म्हटलं.

मेस्त्रींनी मान हलवली. मी वहीत एक आकडा लिहिला, त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि खाली न बघता पुढच्या पानाकडे सरकले. अजून दोनशे तेरा पानं बाकी होती.

ही १९८९ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. दादरला टिपणीस सरांच्या ऑफिसात जुन्या इमारतींची तपासणी करून अहवाल लिहिण्याचं काम चाले, तिथे मला लागून जेमतेम सात महिने झाले होते. तोवर माझं काम टेबलावरचं. जागेवर जायचं ते पुरुषांनी.

माहीमच्या बाजूला एका अरुंद गल्लीत ही सावे बिल्डिंग होती. अडतीस सालची, तीन मजल्यांची. गोलाकार बाल्कन्या, जहाजाला असतात तसे आडवे कठडे, आणि जिन्याच्या उंच खिडकीच्या दोन्ही अंगांना गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत उतरत आलेली पानं. सिमेंट-चुन्याची, एकावर एक रचलेली, काही हातभर लांब, काही तळव्याएवढी. रस्त्यावरून बघितलं तर नुसती नक्षी वाटायची. गल्लीत झाड म्हणून एकही उरलं नव्हतं. इमारतींना इमारती चिकटलेल्या, मधल्या फटींतून पाइप आणि वायरी. त्यामुळे त्या भिंतीवर नजर आपोआप जायची.

सप्टेंबरच्या शेवटी त्यातलं एक पान निखळलं आणि खाली फुटपाथवर बसणाऱ्या हौसाबाई फुलवालीच्या खांद्यावर पडलं. पाट्याच्या दगडाएवढं वजन. चार बोटं इकडे पडतं तर डोक्यात बसलं असतं. खांद्याचं हाड मोडलं.

सोसायटीची तातडीची बैठक झाली आणि बहुमताने ठरलं की सगळी पानं तासून काढायची आणि भिंत सपाट करून पांढऱ्या टाइल्स लावायच्या. त्यासाठी टिपणीस सरांचा अहवाल हवा होता. सेक्रेटरी गुप्ते स्वतः ऑफिसात आले.

"आता कोण ठेवतं असलं नक्षीकाम?" ते म्हणाले. "धूळ बसते, कबुतरं बसतात, आणि आता माणसं मरायची वेळ आलीय. तुम्ही फक्त लिहून द्या."

ते गेल्यावर सरांनी माझ्याकडे कागद सरकवला. "करंबेळकर, एक पानी मसुदा कर. सगळं काढावं."

"सर, एक पान पडलं म्हणून सगळी पोकळ कशी?"

"पोकळ नसतील. पण सगळं काढा असं सांगितलं की आपल्याला कोणी धरत नाही."

मी का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. धीट मुळीच नव्हते. पण न बघता लिहिणं मला जमेना. "मी प्रत्येक पान ठोकून बघते," मी म्हटलं. "पानं तासायला परांची बांधलेलीच आहे."

सरांनी चष्मा काढला. "तू चढणार?"

"हो."

"आठ दिवस देतो. पण लक्षात ठेव, एक पान जरी तू बरं म्हणालीस आणि ते पडलं, तर ते तुझ्या नावावर पडेल."

म्हणून सरांचे जुने गवंडी जयराम मेस्त्री यांच्यासोबत मी तिथे चढले होते.

पहिले दोन दिवस प्रत्येक ठोक्यानंतर मी मेस्त्रींकडे बघे. तिसऱ्या दिवशी कान तयार झाला. भरीव पान टण् वाजे. पोकळ, म्हणजे आतून भिंतीपासून सुटलेल्या पानाचा आवाज भद् असा, ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. मेस्त्री डोळे मिटून ऐकत. आवाज पडायच्या आधीच कधी कधी "ह्या गेला" म्हणत आणि ते खरं निघे. त्यांचं सगळं आयुष्य गिलाव्याच्या कामात गेलं होतं.

जवळून पाहताना मला एक गोष्ट खटकू लागली. एकाही पानासारखं दुसरं पान नव्हतं. साच्यातून काढलेली पानं सारखी हवीत. इथे एकाची कड फाटलेली, एकाच्या मधोमध तीन भोकं, एकाचा देठ वाकडा. मी पातळ कागद पानावर धरला आणि वरून पेन्सिल घासली. कागदावर शिरा उमटल्या. इतक्या बारीक, की कोणी कोरणं शक्य नव्हतं. मी असे वीसेक ठसे घेतले.

चौथ्या दिवशी दुपारी खाली उतरले तर समोरच्या फुटपाथवर हौसाबाई बसलेली. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने आणि दातांनी ती गजऱ्याची गाठ मारत होती.

"तुमीच का त्या पानं वाचिवनाऱ्या?" तिने विचारलं.

"मी फक्त तपासतेय," मी म्हटलं.

"तपासा की. पन मला येक सांगा. माजी जागा ती तिकडं, त्या भिंतीखाली. अठरा वर्सं तिथं बसले. गिऱ्हाईक तिथं येतंय, हितं नाय. हात सुटला की मी तिथंच बसनार." तिने दोरा तोडला. "तुमी पानं ठेवा न्हायतर पाडा, मला त्याचं काय न्हाई. पन डोक्यावर पडनार न्हाई, हे कोन सांगनार?"

"मी सांगेन," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग नीट बगून सांगा."

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सावेबाईंनी मला चहाला बोलावलं. कुमुदिनी सावे. इमारत त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेली. पुढे सोसायटी झाली, तरी वरचा मजला आणि गच्चीचा वापर त्यांच्याकडे राहिला. अठ्ठावीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. सोसायटीत पानं राहावीत असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, पण बैठकीत त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्यांनी मला गच्चीत नेलं आणि मी दारातच थांबले. ड्रममध्ये, टबात, फुटक्या बादल्यांत सगळीकडे झाडं. अनंत, कण्हेर, कढीपत्ता, एका जुन्या बाथटबमध्ये कमळ. उत्तरेच्या कोपऱ्यात मोठ्या लोखंडी ड्रममध्ये सोनचाफा, माझ्या डोक्यावर हातभर उंच. त्याच्यावर इवले फुलचुखे पक्षी भिरभिरत होते. खालच्या गल्लीतला हॉर्न वर ऐकू येत होता, पण तो कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखा.

"निवृत्त झाले त्या वर्षी लावला," चाफ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "दहा वर्षं झाली. बस इथे."

चहा पिताना मी त्यांना ठसे दाखवले. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक कागद उजेडात धरला.

"हे अळू," त्या म्हणाल्या. "हे विड्याचं पान. हे केळीचं, वाऱ्याने फाटलेलं. आणि ही कड बघ. ही अळीने खाल्लीय. असा चंद्रकोरी तुकडा अळीच खाते. हेमलता, कारागीर पान कोरेल, पण अळीने खाल्लेलं का कोरेल?"

"म्हणजे खरं पान दाबून साचा केला?"

"प्रत्येकाचा." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "आमचे हे सांगायचे. इथे सासऱ्यांची वाडी होती. केळी, अळू, पानवेली. ती तोडून इमारत उभी राहिली तेव्हा सासरे म्हणाले म्हणे, वाडी भिंतीवर घेऊन ठेवतो. मला वाटायचं, घरातली एक आठवण, तिखटमीठ लावून सांगितलेली. पन्नास वर्षं या भिंतीसमोरून येते-जाते मी. वनस्पतिशास्त्राची बाई. आणि कधी जवळून बघितलं नाही."

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "काय वाटेल ते कर, पण ही पानं वाचव," त्या म्हणाल्या.

सातव्या दिवशी काम संपलं. दोनशे चौदापैकी अडतीस पोकळ. मी इमारतीच्या दर्शनी चित्रावर पोकळ पानांच्या जागी लाल ठिपके दिले आणि चित्र परांचीवरच मेस्त्रींपुढे धरलं. ठिपके विखुरलेले नव्हते. गच्चीच्या उत्तर कोपऱ्यापासून सरळ खाली, पाण्याचा ओघळ यावा तसा एकच पट्टा.

मेस्त्रींनी भिंतीला हात लावला, मग माझा हात धरून तिथे टेकवला. भिंत गार होती.

"पाऊस जावन तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "ह्या पाणी खयसून येता?"

मला ते कळलं होतं. मला ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

वर गेलो. सावेबाईंना सांगून तो चाफ्याचा ड्रम तिरका करायचा प्रयत्न केला, तर तो हलेना. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली होती. ती पाण्याच्या निचऱ्याच्या पाइपात शिरली होती आणि तिथून कठड्याच्या भेगेत. पाइप फुटलेला. रोजचं झाडांना घातलेलं पाणी त्या भेगेतून भिंतीत उतरत होतं. पानांना आतून धरून ठेवणारे लोखंडी आकडे त्या पाण्याने गंजून फुगले होते. पाऊस चार महिन्यांचा, बाग बारा महिन्यांची.

मेस्त्री खाली गेले. सावेबाई ड्रमजवळ उभ्या होत्या.

"तुझी खात्री आहे?"

"हो."

"मग 'गच्चीतून गळती' एवढंच लिही. ते खोटं नाही. पाइप मी बदलून घेते, ड्रम सरकवते."

"बाई, मुळं भिंतीत कुठवर गेलीत ते मला दिसत नाही. झाड उभं ठेवून मी खात्री देऊ शकत नाही. ते कापावं लागेल. बाकीच्या कुंड्या स्टँडवर घेऊन ठेवता येतील, पण हा नाही."

त्यांचा आवाज चढला. शाळेतल्या मुली या आवाजाला घाबरत असणार. "या अख्ख्या गल्लीत दुसरं झाड दाखव मला. पक्षी येतात ते याच्यावर. आणि सिमेंटची पानं वाचवायला तू जिवंत झाड मारायला सांगतेस?"

"पानांसाठी नाही," मी म्हटलं. "पानं काढली तरी भिंत कुजणारच आहे. उद्या टाइल पडेल, परवा विटा. खाली हौसाबाई बसते."

त्या गच्चीचं दार उघडून बाजूला झाल्या.

"लिही तर मग," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा इथे येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाइपरायटरपुढे बसले तेव्हा 'गच्चीतून गळती' हेच शब्द बोटांवर येत होते. त्या इमारतीत माझ्या बाजूने बोललेलं एकमेव माणूस म्हणजे सावेबाई. शिवाय गुप्त्यांच्या हातात हा कागद गेला की पहिला घाव बाईंच्या बागेवर पडणार होता, हे मला दिसत होतं. मी दोनदा कागद ओढून काढला. तिसऱ्यांदा सगळं लिहिलं. ड्रम, झाडाचं नाव, मूळ, पाइप. खाली सही केली आणि सरांपुढे ठेवला.

त्यांनी वाचला. "हे तू बैठकीत वाचणार?"

"वाचते."

रविवारी खालच्या मजल्यावरच्या मोकळ्या खोलीत सोसायटीची बैठक भरली. चौदा घरं. सावेबाई मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी वाचायला उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बागेचा परिच्छेद आला तेव्हाही मी एकही शब्द गाळला नाही.

गुप्ते जवळजवळ खूश झाले. "म्हणजे बागही गेली आणि पानंही. एकदाच सगळं साफ करू."

"नाही," मी म्हटलं. "अडतीस पानं काढायची. चाफा काढायचा, पाइप बदलायचा. एकशे शहात्तर पानं धड आहेत. त्यांची मी लेखी खात्री देते."

"आणि पडलं तर?"

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अहवाल करंबेळकरांचा आहे." त्यांनी मला उघड्यावर सोडलं, असं तेव्हा वाटलं.

"पडलं तर माझं नाव त्यावर आहे," मी म्हटलं.

कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सावेबाई उभ्या राहिल्या होत्या.

"बाग माझी आहे," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं मी पाणी घातलं आणि ते कुठे जातं हे एकदाही वाकून बघितलं नाही. हौसाबाईचा खांदा माझ्यामुळे मोडला. तिच्या औषधपाण्याचं मी बघेन. चाफा येत्या रविवारी काढते. पण या मुलीने एकेक पान मोजून सांगितलंय. तुमच्यापैकी कोणी वर चढून बघितलं होतं? मीसुद्धा नाही. तेव्हा पानांचं ती म्हणते तसं होऊ द्या."

हात वर झाले. नऊ विरुद्ध पाच. पानं राहिली.

आजही आहेत. मी दर पाच वर्षांनी तिथे जाते आणि ठोकून बघते. मेस्त्री गेले, टिपणीस सर गेले, माझ्याही गुडघ्यांना आता परांची सोसत नाही, माझ्या हाताखालच्या मुली चढतात. उत्तरेच्या पट्ट्यातल्या अडतीस जागा गुळगुळीत आहेत. मेस्त्रींनी तेव्हा विचारलं होतं, चाफ्याची पानं दाबून नवे साचे करू का म्हणून. सावेबाई नको म्हणाल्या. "ती जागा मोकळी राहू दे. गेलं ते गेलेलं दिसू दे."

पण मला आठवतो तो त्या बैठकीनंतरचा रविवार.

'पुन्हा येऊ नकोस' हे कोणी मागे घेतलं नव्हतं, म्हणून मी जिन्यात घुटमळत होते. मेस्त्री करवत आणि दोर घेऊन पुढे गेले. इतक्यात खालून कोणीतरी थांबत थांबत चढताना ऐकू आलं. हौसाबाई होती. गळ्यात बांधलेला हात, डाव्या हातात रिकामी पाटी, कपाळावर घाम. अठरा वर्षांत ती त्या इमारतीच्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवत होती.

आदल्या रविवारी बैठक संपताच सावेबाई तिच्याकडे जाऊन सगळं सांगून आल्या होत्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. मी धसकून विचारलं, "मावशी, तुम्ही वर कशाला?"

"त्या बाईंनी सांगितलं की, आज कापनार म्हनून." ती कठड्याला टेकून धापा टाकत होती. "सात-आठ वर्सं सकाळी दोरीला टोपली बांधून फुलं खाली सोडायच्या. याच झाडाची. म्या इकली. आजची तशीच वाया घालवायची व्हय?"

मला हे ठाऊकच नव्हतं. ती तशीच वर निघाली आणि मी तिच्यामागे.

गच्चीत सावेबाई झाडाजवळ उभ्या होत्या. त्यांनी हौसाबाईला पाहिलं, मला पाहिलं. पुढे होऊन त्यांनी हौसाबाईच्या हातातली पाटी घेतली आणि तिच्यापुढे दोन्ही हातांनी धरली. हौसाबाई डाव्या हाताने खुडू लागली. आधी उमललेली, मग उमलायला आलेल्या कळ्या. वरच्या फांद्यांना तिचा हात पुरेना.

"ए पोरी," ती म्हणाली, "बगत काय ऱ्हायलीस? वाकव की ती फांदी."

मी सावेबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाटी जराशी माझ्या बाजूला सरकवली. मी फांदी वाकवून धरली.

मेस्त्री करवत मांडीवर ठेवून कठड्यावर बसून राहिले. घाई करायला कोणीच म्हणालं नाही. झाडावर पिवळा ठिपकाही उरला नाही तेव्हा हौसाबाईने पाटीवर ओला फडका टाकला, ती कमरेवर घेतली आणि जिन्याकडे वळली.

"करा आता," ती म्हणाली.

सावेबाईंनी मेस्त्रींच्या हातून करवत घेतली आणि पहिला काप स्वतः घेतला. आम्ही आळीपाळीने कापत होतो. दुपारी झाड खाली आलं. मी परत निघाले तेव्हा हौसाबाई समोरच्या फुटपाथवर बसली होती आणि तिच्या पाटीत चार फुलं उरली होती.